घुसखोरी शोध व प्रतिबंध प्रणाली

संगणकांच्या जाळ्यातील रहदारीवर पाळत ठेवून संशयास्पद हालचाली हेरणारी व्यवस्था. तिची रूपे दोन. घुसखोरी शोधणारी ‘आयडीएस’ रहदारीची नक्कल तपासते आणि फक्त इशारा देते. घुसखोरी रोखणारी ‘आयपीएस’ मात्र वाटेतच उभी असते आणि माहितीचे संशयित पॅकेट पुढे जाऊ देत नाही.

जेम्स अँडरसन यांनी १९८० च्या अहवालात नोंदींवरून गैरवापर ओळखण्याची कल्पना मांडली. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्ये तिला शास्त्रीय प्रारूप दिले. प्रत्यक्षातला गाजलेला किस्सा या दोहोंच्या मधला. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांनी तिचा माग काढला, घुसखोराला न हटकता त्याने दाबलेली एकेक कळ छापून घेतली आणि अखेर ते जर्मनीतील मार्कुस हेसपर्यंत पोहोचले. याच प्रयोगशाळेत पुढे व्हर्न पॅक्सन यांनी ‘ब्रो’ ही आयडीएस घडवली. २०१८ पासून तिचे नाव ‘झीक’. मार्टिन रोश यांची ‘स्नॉर्ट’ ही अशीच प्रणाली १९९८ ची.

स्नॉर्ट मुख्यतः ज्ञात हल्ल्यांच्या खुणा शोधते. त्यामुळे अगदी नवा हल्ला तिच्या नजरेतून निसटू शकतो. नेहमीपेक्षा वेगळे वर्तन टिपणारी पद्धत तो पकडू शकते, पण खोटे इशारेही भरपूर देते. दहा लाख घटनांत खरे हल्ले वीस आणि चुकण्याचे प्रमाण अवघे एक टक्का धरले, तरी सुमारे दहा हजार खोटे इशारे हाती येतात. ते पाहणार कोण? आयपीएसमध्ये तर असा खोटा इशारा खऱ्या ग्राहकालाच अडवतो. म्हणून नवा नियम आधी केवळ इशाऱ्यापुरता चालवून पाहणे शहाणपणाचे.

एकाच पहाऱ्यावर भागत नाही, म्हणून थर रचतात: सीमेवर फायरवॉल, आत आयडीएस, प्रत्येक सर्व्हरवर फाइलींतील बदल टिपणारे साधन आणि सगळ्यांच्या नोंदी एकत्र जुळवणारी ‘सीम’.

थर मात्र नुसते उभारून चालत नाही. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीने मार्च २०१७ मध्ये ‘अपाची स्ट्रट्स’ या वेब-सॉफ्टवेअरमधील त्रुटीवरचा स्नॉर्ट नियम बसवलाही होता. पण कूटबद्ध रहदारी उलगडून तपासणाऱ्या उपकरणाच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपलेली होती आणि ते आंधळेपणाने रहदारी पुढे सोडत होते. मे महिन्यात शिरलेले चोर ७६ दिवस आत वावरले. २९ जुलैला प्रमाणपत्र बदलताच संशयास्पद रहदारी दिसू लागली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. महागडी यंत्रणा आणि चुकलेले नूतनीकरण, यांत दोष कोणाचा हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

भारतात ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात.