'कोरकू'मधला 'कू'

'कोरकूंची भाषा' असे आपण सहज लिहितो, तेव्हा नकळत अनेकवचनाचेच अनेकवचन करतो. मेळघाटातल्या या लोकांच्या भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे, एवढेच. दोघांसाठी प्रत्यय पुन्हा वेगळा. संस्कृतातले द्विवचन मराठीने केव्हाच टाकले; इथे, अगदी निराळ्या कुळातल्या भाषेत, ते रोजच्या बोलण्यात आहे.

आणि हा 'कोरो' एकटा नाही. संथालीत माणूस 'होड', मुंडारीत 'होडो', सिंहभूमच्या हो लोकांचे तर नावच 'हो'. छोटा नागपूर सातपुड्यापासून शेकडो मैल दूर. मधल्या मुलुखात गोंडी आणि छत्तीसगढी. तरी नाते शब्दांत टिकले. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनोने ही भाषा मुंडा कुळात मांडली. कोरकूंच्या कथेत मात्र दूरच्या भाऊबंदांचा पत्ता नाही: रावणाच्या विनंतीवरून महादेवाने तांबड्या मातीचे स्त्री-पुरुष घडवले आणि डोंगर वसवले. एकीसाठी दुसरी खोटी पाडण्याची मला गरज वाटत नाही.

सलतो तो अलीकडचा इतिहास. मेळघाट, बैतूल, निमाड हे सारे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. भाषेला तिचे राज्य हवे म्हणून आपण मराठी माणसे भांडलो, आणि ते योग्यच होते. पण त्याच तत्त्वाने आखलेली रेघ दुसऱ्या एका भाषेच्या मधून गेली. धारणीकडचे मूल मराठी शाळेत, बैतूलकडचे हिंदी शाळेत. घरचे बोलणे दोघांचे कोरकू. आपल्या संयुक्त महाराष्ट्राच्या गौरवकथेत याचा उल्लेख मला क्वचितच आढळला.

२०११ च्या जनगणनेत कोरकूभाषक सुमारे सव्वासात लाख. बहीण असलेली संथाली २००३ च्या ९२व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत गेली; इथे दिल्लीत साहित्य अकादमी तिच्यातल्या पुस्तकांना दरवर्षी पुरस्कार देते. त्या वार्षिक पुरस्कारांच्या भाषांत कोरकू नाही.

भाषांतर करताना एकदा 'कोरोंची भाषा' असे लिहून पाहिले. व्याकरण नेमके झाले, पण छापताना कुणीतरी ती मुद्रणातली चूक समजून दुरुस्त करणार. म्हणून तूर्त 'कोरकूंची' हेच ठेवले आहे.