इंदूरचे बेंद्रे, बडोद्याचे बेंद्रे

नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासंबंधी समीक्षकांचा एक आक्षेप जुनाच आहे. या चित्रकारास स्वतःची अशी एक शैली नाही, असे ते म्हणतात. आरंभी निसर्गचित्रे, मग घनवाद, मग अमूर्त आकार, आणि उतारवयात रंगबिंदूंनी भरलेले फलक. यांतले खरे बेंद्रे कोणते? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चित्रांइतकेच त्यांच्या वर्गातही शोधले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

१९१० साली इंदुरात जन्मलेल्या बेंद्र्यांना गुरू लाभले ते दत्तात्रय दामोदर देवळालीकर. विद्यार्थ्यांना चार भिंतींबाहेर उन्हात नेऊन बसविणारे हे गुरुजी. हुसेनही याच शाळेत शिकले. पुढे मुंबईची पदविका, काश्मिरातील नोकरी, १९४५ मध्ये शांतिनिकेतन, १९४७-४८ मध्ये अमेरिका व युरोप, अशी बेंद्र्यांची भ्रमंती झाली.

१९४९ साली बडोद्यास महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाले. हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या. दुसऱ्याच वर्षी तेथे ललितकला विद्याशाखा निघाली आणि चित्रकला विभाग बेंद्र्यांकडे आला. चित्रकलेस विद्यापीठाची पदवी मिळावी, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. (चित्रकलेचा तास परीक्षा जवळ आली की गणितास देऊन टाकण्याचे पातक आमच्याही हातून घडले आहे, हे येथे कबूल केलेले बरे.)

बेंद्रे नुसते सांगत नसत. विद्यार्थ्यांसमोर स्वतः रंगवून दाखवीत. पाश्चात्त्य प्रयोग शिकवायचे तर ते आधी आपल्या फलकावर करून पाहत. १९५५ साली ललित कला अकादमीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळविणारे त्यांचे ‘काटा’ हे चित्र याच वर्षांतले. १९५६ मध्ये ‘बडोदा ग्रुप’ उभा राहिला, त्यातही शिष्यांबरोबर गुरू होतेच. शांती दवे, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख हे सारे त्यांचे विद्यार्थी. पण एकाचेही चित्र बेंद्र्यांच्या चित्रासारखे नाही! एकच शैली घट्ट धरून बसलेल्या गुरूच्या हातून हे घडले असते काय? जो आक्षेप चित्रकारावर घेतला जातो, तोच शिक्षकाच्या पदरी गुण म्हणून पडतो.

त्याची किंमत मात्र चित्रकाराने मोजली. १९५९ मध्ये अधिष्ठातापद आले, त्याबरोबर बैठका आणि कागदपत्रे आली. १९६६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला व ते मुंबईस गेले. त्यानंतर १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ते चित्रे काढीत राहिले. ठिपक्या-ठिपक्यांनी उमललेल्या त्या फलकांवर खेड्यातल्या स्त्रिया आहेत, झाडे आहेत, आणि देवळालीकरांच्या उघड्या वर्गातले ऊन आहे.