निशाणी डावा अंगठा : कलकत्त्यातील एका लिपीचा इतिहास

मराठी दस्तऐवजांत निरक्षराच्या सहीच्या जागी ‘निशाणी डावा अंगठा’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. ही खूण राज्यसंस्थेसाठी वाचनीय संहिता कशी झाली, याचे उत्तर बंगालच्या इतिहासात मिळते. १८५८ मध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेलने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराला कराराशी बांधून घेण्यासाठी त्याच्या पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्ये एडवर्ड हेन्रीच्या पुढाकाराने कलकत्त्यात ठसे विभाग स्थापन झाला, तेव्हा हजारो ठशांतून नेमका ठसा हुडकण्याचा प्रश्न उभा राहिला. अझीझुल हक यांनी दहा बोटांच्या ठशांची १०२४ कप्प्यांत विभागणी करणारे गणित मांडले. हेमचंद्र बोस यांनी ठशाचे वर्णन तारेने कळविता येईल अशी सांकेतिक भाषा रचली. आकृतीचे अक्षरांकांत झालेले हे भाषांतर म्हणजे पोलीस दलांतील आजच्या संगणकीय देवाणघेवाणीचे पूर्वरूप होय. २०२२ मध्ये सुरू झालेली ‘नाफिस’ ही राष्ट्रीय प्रणाली त्याच परंपरेतील आहे. पद्धत मात्र हेन्रीच्या नावे रूढ झाली आणि हक व बोस तळटीपेत गेले. भाषांतरकाराच्या अदृश्यतेचा हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाला अपरिचित नाही. येथे त्याला आणखी एक पदर आहे : ज्याच्या बोटावर ही संहिता उमटलेली असते, त्यालाच ती वाचता येत नाही.