मानक आणि जुन्या घडणीची अकूस्टिक गिटार

अकूस्टिक गिटारच्या एकाच नमुन्याच्या पुष्कळदा दोन आवृत्त्या बाजारात असतात. चालू उत्पादनातील नेहमीचे वाद्य ही मानक आवृत्ती होय. त्याच नमुन्याच्या १९३० ते १९५० च्या दशकांतील वाद्यांची रचना, साहित्य व रूप यांचे अनुकरण करून घडवलेले नवे वाद्य ही जुन्या घडणीची, म्हणजे व्हिंटेज शैलीची आवृत्ती होय. प्रत्यक्ष जुने वाद्य आणि जुन्या घडणीचे नवे वाद्य या दोन भिन्न वस्तू असून त्यांची गल्लत नेहमी होते. दोन्ही आवृत्त्यांमधील भेद आतील पट्ट्यांची मांडणी, वरच्या फळीचे लाकूड, जोडणीचा चिकट पदार्थ आणि मानेची जाडी यांत असतो. पाठ व बगला यांच्या लाकडाचा भेद सर्वाधिक चर्चिला जातो आणि त्याचा संबंध भारतातील शिसव या वृक्षाशी पोहोचतो.

डी-२८चे उदाहरण

हा भेद समजून घेण्यास अमेरिकेतील मार्टिन कंपनीचा डी-२८ हा नमुना विशेष सोयीचा आहे. ही कंपनी १८३३ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झाली व पुढे पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थिरावली. डी-२८चा रुंद, भरदार आकार ‘ड्रेडनॉट’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या नावाने ओळखला जातो. १९३० च्या दशकातील डी-२८मध्ये वरच्या फळीखालच्या आधारपट्ट्या कोरून हलक्या केलेल्या असत. त्यामुळे फळी मोकळेपणाने थरथरे आणि खर्जाचे स्वर दणदणीत निघत. मात्र वादक जाड पोलादी तारा चढवू लागले तेव्हा त्या ताणाने फळ्या फुगू लागल्या. १९४४ च्या अखेरीपासून कंपनीने पट्ट्या कोरणे थांबवले. आज ज्याला लोक जुन्या घडणीचा गुण मानतात, तो त्या काळी दुरुस्तीच्या तक्रारींचे कारण होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वादकांची ओढ मात्र हलक्या पट्ट्यांच्या जुन्या वाद्यांकडेच राहिली. १९७६ मध्ये मार्टिनने कोरलेल्या पट्ट्या व कडेची जुनी नक्षी परत आणून एचडी-२८ हा नमुना काढला. जुन्या घडणीच्या मालिका त्यानंतर आल्या. २०१७ मध्ये तर खुद्द मानक डी-२८च नव्याने आखण्यात आली. तिच्यातील पट्ट्यांची फुली जुन्या पद्धतीप्रमाणे ध्वनिरंध्राजवळ सरकवली गेली, पट्ट्या मात्र न कोरलेल्याच राहिल्या. म्हणजे ‘मानक’ हीही स्थिर संज्ञा नाही. ती दर पिढीला बदलते.

मानेतही फरक आहे. मान सरळ ठेवण्यासाठी तिच्या आत फिरवता येणारी सळई मार्टिनने १९८५ मध्ये बसवण्यास आरंभ केला. त्यापूर्वीच्या वाद्यांत सळई पक्की असे. म्हणून तंतोतंत जुनी प्रतिकृती घेणाऱ्यास हवामानानुसार मान जुळवून घेण्याची सोय मिळत नाही.

शिसव : पर्यायाचे मानक कसे झाले

जुन्या डी-२८ची पाठ व बगला ब्राझिली शिसवाच्या (डाल्बर्जिया नायग्रा) असत. ब्राझीलमधून ओंडक्यांचा पुरवठा आटल्यावर १९६९ मध्ये मार्टिनने भारतीय शिसव (डाल्बर्जिया लॅटिफोलिया) स्वीकारला. आरंभी तो निव्वळ पर्याय होता. पुढे मानक डी-२८ म्हणजे भारतीय शिसवाची गिटार, असेच समीकरण झाले. ब्राझिली शिसव १९९२ मध्ये साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेला, त्यामुळे त्याचा नव्याने तोडलेल्या लाकडाचा व्यापार बंद झाला. जुन्या घडणीच्या वाद्यांत त्याच्या जागी मादागास्कर किंवा भारतीय शिसव वापरला जातो.

भारतीय शिसव हा पानझडी अरण्यांतील सागाचा सोबती. गिटारसाठी जाणारे त्याचे लाकूड मुख्यत्वे दक्षिण भारतातील असते. महाराष्ट्रात तो सह्याद्रीत व सातपुड्यातही उगवतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील मिश्र जंगलांचा तो परिचित घटक आहे. गाड्यांचे भाग, शेतीची अवजारे आणि घरातील सामान यांसाठी या जड, काळपट-जांभळ्या लाकडाला पूर्वीपासून मान आहे. भारतातून शिसवाचे ओंडके निर्यात होत नाहीत. कापून घडवलेले भागच बाहेर जातात.

२ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जियाच्या उरलेल्या सर्व जाती साइटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि तयार गिटार परदेशी पाठवण्यासही कागदपत्रे लागू लागली. वाद्यनिर्माते व वाद्यवृंद यांच्या तक्रारींनंतर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, लाकडावरील नियम कायम राहिले. भारतीय शिसव जागतिक यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहे. जो वृक्ष दुसऱ्याच्या टंचाईमुळे पुढे आला, त्याच्यावरच आता तीच वेळ येऊ पाहते आहे.

पाठीच्या लाकडाने आवाज खरोखर किती बदलतो? इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये याची तपासणी प्रसिद्ध केली. केवळ पाठ व बगलांच्या लाकडात वेगळ्या असलेल्या सहा गिटार ५२ वादकांनी ओळख लपवून वाजवल्या. ब्राझिली शिसव, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, अक्रोड आणि सपेली यांच्या गुणांकनात उल्लेखनीय फरक आढळला नाही. ब्राझिली शिसवासाठी मोजली जाणारी मोठी किंमत मुख्यतः दुर्मीळतेची आहे, असे मानण्यास त्यामुळे आधार मिळतो.

वरची फळी आणि सरस

ध्वनीचा मोठा वाटा वरच्या फळीचा असतो. मानक वाद्यांत ती बहुधा सिटका स्प्रूसची, तर जुन्या घडणीत ॲडिरॉन्डॅक स्प्रूसची असते. अलीकडे ही फळी अत्यल्प प्राणवायूत तापवून तिला कृत्रिम ‘वय’ दिले जाते. मार्टिनने ही प्रक्रिया २०१५ मध्ये आणली. तापवल्याने लाकडातील काही घटक विघटित होतात; फळी हलकी होते आणि हवेतील ओलावा कमी शोषते, मात्र ती थोडी ठिसूळही बनते.

गिब्सन कंपनीच्या १९४२ मधील जे-४५ नमुन्याची पाठ महोगनीची असल्याने तिथे शिसवाचा प्रश्नच उद्भवत नाही. तिच्या आवृत्त्यांतील भेद तापवलेली फळी, सरस आणि पिकअप यांवर ठरतो. मानक जे-४५मध्ये पिकअप कारखान्यातच बसवलेला असतो. जुन्या घडणीच्या काही आवृत्त्यांत तो मुद्दाम वगळलेला आहे. मंचावर वाजवणाऱ्यास त्याचा खर्च वेगळा करावा लागतो.

सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेला चिकट पदार्थ. तो वाळल्यावर कडक होतो आणि दुरुस्तीच्या वेळी उष्णता व ओलावा देऊन सांधा उकलता येतो. त्याचा हाच गुण निष्काळजी मालकाला नडतो.

उष्ण हवामानात

गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानतात. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो व हवा कोरडी होते; जूननंतर तीच हवा ओलसर होते. कोरड्या दिवसांत फळी आक्रसून तडा जाण्याचा, तर पावसाळ्यात ती फुगून तारा पडद्यांपासून उंच जाण्याचा संभव असतो. तापवलेली फळी हा चढउतार अधिक चांगला सोसते. सरसाने जोडलेली गिटार मात्र उन्हात उभ्या वाहनात राहिल्यास घोडी सुटू शकते. अशा ठिकाणी फिरवता येणाऱ्या सळईची मानक गिटार सांभाळण्यास सोपी जाते. वाद्य पेटीत ठेवणे, पेटीत आर्द्रतामापक असणे आणि ऋतू बदलताना मान तपासून घेणे ही काळजी दोन्ही आवृत्त्यांना सारखीच लागते.