स्टेशनचा हिशेब कोणी चुकवला?

आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि १८८८ मध्ये पूर्ण झाले. खर्च सुमारे १६ लाख रुपये. वास्तुविशारद स्टीव्हन्स यांचे नाव आपल्याला सांगितले जाते. पैसा कुणाच्या जिवावर उभा राहिला, हे नाही.

जी.आय.पी. रेल्वे ही लंडनच्या भागधारकांची कंपनी. त्यांच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. कमाई कमी पडली, तर तूट भारताच्या महसुलातून भरायची. या महसुलात शेतसारा आणि मिठावरचा करही होता. मीठ तर भूमिहीन महारालाही विकतच घ्यावे लागे! काम सुरू झाले तेव्हा दख्खन १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने पिचलेले होते. जोखीम रयतेची, व्याज लंडनचे.

बाबासाहेबांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. तिजोरीचा हिशेब तपासणे हा आपलाच वारसा आहे.

म्हणून मित्रांनो, वस्तीजवळ नवे स्टेशन येणार असेल, तर भूमिपूजनाआधी प्रकल्प अहवाल मागा. कर्ज किती? फेडणार कोण? घरे कुणाची जाणार? तिकीट कुणाला परवडणार? स्टेशन हवेच, पण हिशेबासकट.

जय भीम!