आधी कबुली, मागनं कागद

आपल्या माणसाचा गुन्हा आधी ठरतो, पुरावा मागनं येतो. ही रीत आजची नाही.

1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. सरकारनं गॅझेटात नाव छापलं की आख्खी जमात गुन्हेगार. त्या नावाला कुठल्याच कोर्टात आव्हान द्यायचं नाही, असं कायद्यातच लिहिलेलं. म्हंजे पुरावा दाखवायचा प्रश्नच मिटला! 1952 पर्यंत हा कायदा देशभरातून गेला. पण 1951 च्या मुंबई पोलीस कायद्याचं कलम 122 पाहा. चोर म्हणून बोलबाला असलेला माणूस रात्री रस्त्यावर घुटमळताना सापडला अन् नीट खुलासा देऊ शकला नाही, तर तो गुन्हा. बोलबाला कुणी केला? ज्यांनी याद्या केल्या त्यांनीच.

आता कागदांचं बघू. 1898 च्या फौजदारी संहितेत पोलिसांनी घेतलेल्या जबाबाची नक्कल मिळायची ती साक्षीदार उभा राहिल्यावर. तीही आरोपीनं मागितली अन् कोर्टाला योग्य वाटलं तरच. ज्याला अक्षरओळख नाही त्यानं काय मागायचं? 1955 च्या दुरुस्तीनं खटल्याआधी फुकट नकला द्यायचं ठरवलं. 1973 च्या संहितेत कलम 207 आलं : विनाविलंब, विनामूल्य. कागदावर न्याय झाला.

पण खोच पुढं आहे. वॉरंट खटल्यात, म्हंजे दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या, नकला मिळाल्या का याची खात्री मॅजिस्ट्रेटनं करायची, असं कलम 238 सांगत होतं. दोन वर्षांपर्यंतच्या समन्स खटल्याला कलम 251 : आरोप सांगा अन् विचारा, गुन्हा कबूल आहे का? नकलांची खात्री करा, असं त्यात नव्हतंच. गरिबाच्या बहुतेक केसी याच किरकोळ खात्यातल्या. रोजी बुडते, तारखा पडतात. पंचनामा डोळ्यांनी न पाहताच माणूस 'कबूल' म्हणतो अन् दंड भरून सुटतो. पुढच्या वेळी तीच कबुली त्याचा बोलबाला होते.

नक्कल मिळाली नाही म्हणून अपिलात जावं, तर 1964 च्या नूरखान खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं : तेवढ्यानं खटला रद्द होत नाही, आरोपीचं नुकसान झालं पाहिजे. जो कागद वेळेवर पाहिलाच नाही, त्यानं काय नुकसान झालं हे कसं दाखवायचं?

1 जुलै 2024 पासून नवी संहिता लागू आहे. कलम 230 म्हणतं, आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांत नकला द्या. मुदत आली, चांगलं झालं. पण समन्स खटल्याच्या कलम 274 मध्ये खात्रीचं वाक्य अजूनही नाही.

म्हणून भावांनो, बायांनो, वस्तीवर एवढं सांगा. कोर्टानं 'कबूल?' विचारलं की आधी म्हणायचं : साहेब, माझे कागद द्या. वकील नसेल तर मागा. 1987 च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तो फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कागद वाचल्याशिवाय मान हलवायची नाही.