परभणी : मार्गजाळे व नगरविस्तार

परभणी हे मराठवाड्यातील एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. १९०१ मध्ये सु. १०,००० वस्तीचे हे गाव २०११ च्या जनगणनेत ३,०७,१७० लोकसंख्येचे शहर झाले. या वाढीबरोबर तेथील रस्त्यांची परस्परसंलग्नता, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यास उपलब्ध असणाऱ्या वाटांची विपुलता, बदलत गेली.

नानलपेठ, गुजरी बाजार इ. जुन्या भागांतील बोळ अरुंद व वाकडे असले, तरी ते एकमेकांस मिळतात. पादचाऱ्यास तेथे फारसा वळसा पडत नाही. वाहनांस मात्र ते अपुरे ठरतात. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद-मनमाड लोहमार्गाने परभणी दूरच्या बाजारपेठांशी जोडली गेली. तथापि लोहमार्ग फाटक वा पूल असेल तेथेच ओलांडता येत असल्याने स्थानिक दळणवळणास तो अडसरही ठरला. पुढे जिंतूर, वसमत, गंगाखेड व पाथरी या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने वस्ती सरकू लागली. १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याची विस्तीर्ण प्रक्षेत्रे शेतीसाठी राखलेली असल्याने शहराचे रस्ते त्यांतून सलग नेता येत नाहीत.

विस्ताराचा खरा परिणाम शेतजमिनींच्या विभागणीत दिसतो. एखाद्या शेताचे भूखंड पाडताना मालक आपल्या हद्दीपुरते रस्ते आखतो. शेजारच्या शेतातील रस्ते वेगळ्या वेळी व वेगळ्या दिशेने निघतात. परिणामी जुना बांध हीच रस्त्याची अखेर होते. शेजारच्या वसाहतीत जाण्यासही मुख्य रस्ता गाठावा लागतो व सर्व वाहतुकीचा भार त्यावरच पडतो. पाण्याची नळवाहिनी, गटार व अग्निशामक बंब यांनाही हीच अडचण येते.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वये विकास योजनेत रस्ते आधी आखता येतात. परंतु भूसंपादनास विलंब झाल्यास वस्ती पुढे जाते. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अनधिकृत भूखंड नियमित करण्याची सोय केली. त्यामुळे रहिवाशांस स्थैर्य लाभले, तरी राहून गेलेले जोडरस्ते केवळ नियमितीकरणाने निर्माण होत नाहीत.

हा प्रश्न परभणीपुरता मर्यादित नाही. १९७५ नंतर जगभर बांधलेले स्थानिक रस्ते उत्तरोत्तर कमी संलग्न होत गेल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. घरे पाडून पुन्हा बांधता येतात; पण एकदा भूखंडांची मालकी वाटली गेली, की रस्त्याची रेषा बदलणे दुष्कर होते. २०११ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहरात, नवी शेते बिनशेती होण्यापूर्वीच त्यांचे रस्ते परस्परांस जोडून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.